पोरांना कामाला लावणं आणि कामावर टिकवणं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव हवेत

टूलरूमवाला | ८ जून, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, चौतीस वर्षं काढली. लेथवर हेल्पर म्हणून लागलो आणि टूलरूम (साचे-अवजारं बनवायचा विभाग) सांभाळून बाहेर पडलो. आता घरी बसून दोन वर्षं झाली. बायको म्हणते, सारखं मधेमधे करत बसण्यापेक्षा बाहेर जाऊन या. म्हणून पहाटे व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जातो. तिथं पाच वाजल्यापासून पोरं पळत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळं आमच्याकडं घरटी एका तरी पोराला सोळाशे मीटरचा आपला टाइम तोंडपाठ असतो. त्यातलाच एक दम खात बाकावर बसला होता. म्हणाला, "काका, अग्निवीरचं वय गेलं. आता काय करू ते सांगा की."

तिथनं हे सुरू झालं. गल्लीतल्या मंडळाचा हॉल गणपती सोडले तर अकरा महिने कुलपात असतो. पंचांकडून चावी घेतली आणि रविवारी दहा ते बारा बसायला लागलो. पोरं येतात, कागद दाखवतात, मी ओळखीच्या वर्कशॉपला फोन लावतो. दीड वर्षात तेवीस जण आले. त्यात मुली चारच.

आता जे चुकलं ते सांगतो, कारण धागा त्यासाठीच काढलाय. पहिल्या सहातले चार पंधरा दिवसांत काम सोडून घरी. मला राग आला. आजकालच्या पोरांना मोबाइल पाहिजे, कष्ट नकोत, असं मीही चारचौघांत बोललो. त्यातल्या एकाला फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, लावला होता. तिथनं फोन आला, "तुमचा पोरगा तीन दिवस झाले आला नाही." मी तणतणत त्याच्या घरी. आई म्हणाली, तो तर रोज डबा घेऊन जातोय. संध्याकाळी पोरगा घावला. बराच वेळ खाली बघत बसला आणि मग सांगितलं, कंत्राटदार म्हणाला होता की सेफ्टी शूज स्वतःचे आणायचे, नाहीतर गेटच्या आत यायचं नाही. बूट नऊशे रुपयांचे. घरात मागायची लाज, मला सांगायची त्याहून जास्त लाज. तीन दिवस डबा घेऊन किल्ला तलावावर बसून येत होता.

मी त्याला दोन रविवार इंटरव्ह्यूला कसं बोलायचं ते शिकवलं होतं. पायात काय घालून जाणार ते विचारलंच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल तर सांगा. पोरगं कामाला लागल्यावर तुम्ही त्याच्या मागं किती दिवस राहता? मुली का येत नाहीत? आणि वर्कशॉप सोडून दुसऱ्या वाटा कुठल्या दाखवता? मला लोखंडाच्या पलीकडं फारसं काही कळत नाही.

---

काकतीवेस | ८ जून, रात्री १०.१५

किल्ला तलाव वाचून पोटात कालवलं काका. आमच्या वेळी कॉलेज बुडवणारी पोरं तिथं बसायची, डबा घेऊन कामावर चाललो म्हणून सांगणारी नव्हे.

बुटांचं म्हणाल तर सुरक्षेची साधनं पैसे न घेता द्यायची जबाबदारी कारखानदाराची आहे. पोरानं विकत आणायचा प्रश्नच येत नाही. पण हे नव्या पोरानं गेटवर कंत्राटदाराला सांगायचं आणि कंत्राटदारानं ऐकायचं, हे कागदावरच. तुमच्यासारख्या जुन्या माणसानं एक फोन केला तर ऐकतात.

---

आयटीआय_मास्तर | ९ जून, सकाळी ७.०५

नमस्कार. बावीस वर्षं फिटर ट्रेडला शिकवतोय. टूलरूमवाले काका, तुमची तळमळ कळते, पण एका गोष्टीवर भांडणार आहे. दहावी पास पोराला थेट हेल्पर म्हणून लावू नका. तो पाच वर्षांनीही हेल्परच राहतो. मशीन चालवायला शिकतो पण कागद नसतो, त्यामुळं कंपनी बदलली की परत पहिल्यापासून.

जून चालू आहे, आयटीआयच्या प्रवेशाचे हेच दिवस. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एक वर्षाचा. घरची ओढाताण असेल तर वेल्डर घ्या, एका वर्षात हातात कला येते आणि गावात ग्रिल-गेटची कामं करून पोट भरता येतं. पण दोन वर्षं निघणार असतील तर दोन वर्षांचाच ट्रेड घ्या. त्याचं कारण पालकांना कुणीच सांगत नाही: दोन वर्षांचा आयटीआय झाला की कर्नाटकात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय हा शेवटचा स्टॉप नव्हे. आपल्याकडं 'नापास झाला म्हणून आयटीआयला घातला' असं बोलून पोराचं तोंड उतरवतात ते आधी बंद करा.

दुसरं, उद्यमबागेतलंच सरकारी टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर. काकांना मी काय सांगणार! तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं वर्गात-वर्कशॉपमध्ये आणि चौथं वर्ष कंपनीत. गणित बरं असलेला पोरगा घावला तर पहिला तिकडं पाठवा.

तिसरं अप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे आणि विद्यावेतन ठरलेलं मिळालं पाहिजे. आमच्याकडं काही ठिकाणी 'अप्रेंटिस' म्हणून घेतात, नोंद कुठंच नसते. वर्षभर पोरगं राबतं आणि शेवटी हातात प्रमाणपत्र नाही. करार नंबर विचारायचा. नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, स्वस्तातला हेल्पर.

आणि एक नाजूक गोष्ट. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना फाउंड्रीत, भट्टीजवळ पाठवू नका. अठराच्या आत धोक्याच्या कामाला बंदी आहे, आई-बापानं 'चालेल' म्हटलं तरी. आधार बघून वय नक्की करा. हॉलमध्ये बसताना एकटे बसू नका, दुसरं कुणीतरी मोठं माणूस बरोबर असू द्या. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे, काम मोठं झालं की नियम लागतात म्हणून.

---

टूलरूमवाला | ९ जून, दुपारी १.२०

मास्तर, भांडण मान्य. शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. पुढच्या रविवारपासून आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई बसायला तयार झाल्यात. त्या असल्या तर मुलीपण येतील, असं त्या स्वतःच म्हणाल्या, वर 'इतके दिवस विचारलं का नाही' म्हणून झापलंही.

---

खानापूर_जांबोटीरोड | ९ जून, रात्री ८.५०

तुमच्या उद्यमबागेला आमची पोरं पोचायची कशी तेवढं सांगा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातनं पहिली बस पकडून शहरात यायचं, तिथनं दुसरी बस, तोवर सातची शिफ्ट सुरू झालेली. पावसाळ्यात तर बोलायलाच नको, ओढ्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस गावातच. म्हणून आमच्याकडची पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. हॉटेलात भांडी घासायला लागतात, नशीब असलं तर दोन वर्षांत किचनमध्ये शिरतात. माझा चुलतभाऊ असाच आज तंदूरवर उभा आहे, घर बांधलं त्यानं. त्यामुळं 'गोव्याला गेला म्हणजे वाया गेला' हे शहरातल्या लोकांनी म्हणू नये.

आम्ही गावात चार जणांनी मिळून वेगळं केलं. पोरं जाणारच आहेत तर नीट जाऊ देत म्हणून जायच्या आधी एक कागद भरून घेतो: मालकाचं नाव, हॉटेलचा पत्ता, पगार किती ठरला, राहायची सोय कुठं, आणि आधीच गेलेल्या गावातल्या एकाचा नंबर. आधारची मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. कागद फालतू दिसतो, पण गेल्या वर्षी एका पोराचा पगार तीन महिने अडकला तेव्हा ह्या कागदावरच तिथला आपला माणूस मालकाकडं जाऊन बसला आणि पैसे सुटले.

बाकी खानापूरची माती विसरू नका. कौलांचे कारखाने थंडावले, पण कुंभारकाम अजून आहे, आणि खानापुरात त्याचं सरकारी प्रशिक्षण केंद्रही आहे. कुंभाराच्या पोराला चाकावर बसायची लाज वाटते, आणि पुण्या-मुंबईचे लोक पैसे भरून तेच शिकायला जातात. विश्वकर्मा योजना २०२३ ला आली, त्यात कुंभार, चांभार, शिंपी, सुतार धरून १८ व्यवसाय आहेत. अवजारांना पंधरा हजार आणि पुढं पाच टक्क्यांनी कर्ज. वय अठरा पूर्ण हवं आणि घरातला एकच जण. आमच्याकडं बापानं अर्ज केला आणि पोरगा राहिला असं दोन घरांत झालं. आधी घरात बसून ठरवा कुणाच्या नावानं करायचं ते.

---

पुण्यातला_बेळगावी | १० जून, सकाळी ११.३०

छान धागा. मी हिंजवडीत आहे, मूळचा शहापूरचा. मला वाटतं आपण बाहेर असलेल्या बेळगावकरांनी ऑनलाइन मार्गदर्शन सुरू करावं. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल, वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक बोलतील, पोरांना मोठी स्वप्नं दिसतील. शेवटी लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती ना!

---

काकतीवेस | १० जून, दुपारी १२.०२

किर्लोस्कर आले. चला, चहा टाका कुणीतरी.

(बेळगावातल्या कुठल्याही उद्योगाच्या गप्पा पाचव्या मिनिटाला किर्लोस्करांवर आणि सातव्या मिनिटाला 'ते इथनं गेले' ह्यावर येतात. १९१० ला गेले भावा. आपण अजून स्टँडवर उभे राहून हात हलवतोय.)

---

टूलरूमवाला | १० जून, सायंकाळी ६.१०

पुण्यातला_बेळगावी, राग मानू नका. व्हिडिओ कॉल आम्ही एकदा केला होता. बोलणारे साहेब फार चांगलं बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. त्यांच्यातल्या कुणालाही सोमवारी सकाळी काय करायचं ते कळलं नव्हतं.

पण तुमच्यासाठी एक काम आहे. आमच्या पोरांना अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येत नाही. एचआरवाल्या बाईंचा फोन आला की पोरगं नुसतं 'हां, हां' करून ठेवून देतं, आणि कधी बोलावलंय, कुठं यायचंय, काय आणायचंय, काही सांगता येत नाही. तुम्ही रविवारी बसल्या जागेवरनं त्यांना खोटे फोन करा. एचआर बनून बोला. हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, घाईघाईनं. पोरानं तुमचं नाव, वेळ आणि कागदांची यादी लिहून घेतली की पास.

---

पुण्यातला_बेळगावी | १० जून, रात्री ९.४५

करतो. नंबर निरोपातून पाठवा. (किर्लोस्करांबद्दल क्षमस्व.)

---

शिलाई_वडगाव | ११ जून, दुपारी ३.३०

मुली का येत नाहीत विचारलंत म्हणून लिहिते. मुलींना काय करणार म्हणून कुणी विचारतच नाही. शिलाई, नाहीतर ब्यूटी पार्लर, असं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. माझाच शिलाईचा क्लास आहे, तेव्हा हे बोलायचा हक्क मला आहे.

वडगाव-खासबागला मागच्या पिढीत घरोघर माग होते. आमच्या सासूबाई कांड्या भरायच्या. मागाचा आवाज कमी होत गेला आणि बायकांच्या हातचं काम गेलं. मग सगळ्याच शिलाईकडं वळल्या. आज आमच्या एका गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या सात जणी आहेत. आठवीला मी कुठल्या तोंडानं 'शीक, बाई' सांगू?

म्हणून आता क्लासला नवीन मुलगी आली की महिनाभर तिला शिवायला बसवत नाही. मापं घ्यायची, हिशोब लिहायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचं, अस्तराचं कापड आणायला खडेबाजारला जाऊन यायचं. कुणाचा हात कशात चालतो ते ह्यात दिसतं. एकीला मापात अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी चैन पडायचं नाही. मी म्हटलं, हिला ब्लाउजवर घालवायची नाही. तिला व्हीएमसी मशीनच्या (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन) ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं. बाप नको म्हणाला. पोरींनी कारखान्यात जायचं नाही, तेल-ग्रीस, गडीमाणसं. मी वाद घातला नाही. वर्कशॉपच्या मालकाला विचारून बापालाच एक दिवस घेऊन गेले. बघितलं तर एसी खोलीत मशीन, स्क्रीनवर आकडे, शेजारी अजून दोन मुली. बाहेर येऊन फक्त म्हणाला, "बस किती वाजता सुटते?"

बसचं म्हणाल तर ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यात सरकारी बस फुकट आहे. योजना यायच्या आधी कुणी म्हटलं असतं की तिकिटामुळं मुलींची शिकवणी अडते, तर मी हसले असते. पण आमच्या क्लासच्या दोन मुली त्याच्या आधी खरंच पैशापायी एक दिवसाआड यायच्या. आता रोज येतात. खानापूरकर, तुमच्याकडच्या मुलींना हे सांगा.

---

खानापूर_जांबोटीरोड | ११ जून, रात्री ९.००

सांगतो ताई. फुकट बस यायला आधी बस यावी लागते, एवढंच.

---

स्पष्टवक्ता | १२ जून, सकाळी १०.२०

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. बारा-तेरा हजारांत बारा तास राबायला पोरं तयार नाहीत, ह्यात पोरांचं काय चुकलं? कारखानदारांना 'माणसं मिळत नाहीत' म्हणून रडायचं असतं आणि पगार वाढवायचा नसतो. तुम्ही फुकट सेवा देऊन त्यांना स्वस्तातली माणसं पुरवताय. एजंट निदान कमिशन घेतो.

---

टूलरूमवाला | १२ जून, रात्री १०.५०

स्पष्टवक्ता, हा टोला बसला. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

तुमचं अर्धं खरं आहे. म्हणून आता मी मालकाला आधी तीन प्रश्न विचारतो: पीएफ-ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापता का, ओव्हरटाइमचा हिशोब कसा, आणि वर्षभरात पोराला मशीनवर कधी घेणार? तिसऱ्याचं उत्तर 'बघू की' आलं तर तिथं पोरगं पाठवत नाही. दोन जुने दोस्त ह्यावरनं नाराज झालेत.

पण अर्धं चुकतंय. घरी बसून पगार वाढत नाही. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झालेल्या पोराला मालक सोडत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हेल्परला कुणीही विचारत नाही. मधलं अंतर दोन-तीन वर्षांचं आहे आणि तेवढ्यातच पोरं गळतात. मला त्या दोन वर्षांतच काम आहे.

आणि शिकवण्याची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतो. व्हर्नियर पोरांच्या हातात दिला की घाबरतात. पण निम्म्या पोरांचे बाप गवंडी नाहीतर सुतार, त्यांना 'सूत' लहानपणापासून माहीत. आठ सुतांचा एक इंच. मी तिथनं सुरू करतो. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. त्याचे तीनशेच्या वर बारीक तुकडे कर, त्यातला एक म्हणजे मायक्रोमीटरवरची एक रेघ. पोरगं आधी हसतं. मग वहीचा कागद मोजतं, मग स्वतःचा केस मोजतं, मग शेजारच्याचा केस उपटतं. तासाभरात मायक्रोमीटर वाचायला येतो. बापाचं काम बापाच्याच शब्दातनं पुढं नेलं की पोराला ते परकं वाटत नाही.

---

शिनोळीवाला | १३ जून, रात्री ११.२५

काका मी तुमच्या हॉलमधला. नाव सांगत नाही, वळखा. आता शिनोळीला कामाला हाय, बॉर्डरच्या पलीकडं. कालपण नाइट होती, आज पण हाय, ब्रेकमध्ये लिहुलालोय.

पोरं का सोडतात ते सांगू काय. पहिल्या पगारावरनं. मला तेरा हजार सांगितलेले. खात्यावर ११,३४२ आले. मी म्हटलं कंत्राटदारानं खाल्ले. सोडणारच होतो. काकांना फोन केला तर म्हणाले स्लिप घेऊन ये. मग बसून दाखवलं. पीएफ बारा टक्के म्हणजे १५६०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ९८. ते पैसे माझेच हायत, गेले नाहीत. पीएफचा यूएएन नंबर वहीत लिहायला लावला. ईएसआयच्या कार्डावर आईचं नाव घालून घेतलं, नंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातनं झालं.

आमच्या बॅचच्या दोघांनी ह्याच कारणानं सोडलं गा. त्यांना कुणी स्लिप वाचून दाखवली नाही.

आणि एक. फोन करायचा तर आम्हाला करा, घरी नको. तुम्ही चांगल्या मनानं करता पण बाबा समजतात पोरानं कायतरी केलंय.

---

टूलरूमवाला | १४ जून, सकाळी ६.३०

वळखलं. जेवलास काय?

(घरी फोन करणं आजपासून बंद. हे मला कळायला पाहिजे होतं.)

---

निपाणीची_लेक | १४ जून, दुपारी ४.१५

निपाणीहून एक छोटी भर. आई-मावश्या विड्या वळायच्या, त्यावरच आम्ही शिकलो. ज्यांच्या आईकडं विडी कामगाराचं कार्ड आहे त्यांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती असते, आयटीआय-डिप्लोमालासुद्धा. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. दर वर्षी कितीतरी मुलं फक्त एका कारणानं बाद होतात: नावाचं स्पेलिंग. आपल्याकडं कन्नड पद्धतीनं 'मारुती'च्या 'ती'त एच घालतात. शाळेच्या दाखल्यावर एच, आधारवर एच नाही, बँकेत आडनावच वेगळं. प्रवेश, शिष्यवृत्ती, पीएफ, सगळं ह्या एका एचवर अडतं. मी दर मे महिन्यात निकाल लागला की मुलांचे चारही कागद शेजारी ठेवते आणि लाल पेनानं फरक दाखवते. मार्गदर्शन म्हणून मी एवढंच करते खरं तर.

जातीचा, उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढून घ्या. मराठा असाल तर थ्री-बी हा प्रवर्ग. जुलैत नाडकचेरीत (दाखले देणारं सरकारी ऑफिस) रांग बघून पालक परत जातात.

---

सीमावासी | १५ जून, रात्री ८.००

काकांच्या हॉलवर आता कन्नडचा वर्गही सुरू होणार असं कानावर आलं. खरं असेल तर वाईट वाटलं. ज्या मंडळाच्या भिंतीवर हुतात्म्यांचे फोटो आहेत तिथं हे? आपली मुलं मराठी शाळेतनं काढून इंग्रजीत घालतायत, शाळा बंद पडतायत, आणि आपणच हे करायचं?

---

टूलरूमवाला | १५ जून, रात्री ११.१०

खरं आहे. सुरू करतोय, दर रविवारी अर्धा तास.

माझे वडील सत्याग्रहात होते, तेव्हा मला फोटो दाखवू नका. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पोराची शिफ्ट उद्या सकाळी सातला आहे. मशीनवर लावलेली सूचना कन्नडमध्ये असते, सुपरवायझर घाईत कन्नडमध्ये ओरडतो, आणि न कळल्यानं बोट गेलं तर ते परत येत नाही.

बोलता बऱ्याच जणांना येतं, वाचताना अडतात. फॉर्मवर 'विळास' लिहिलेलं होतं. म्हणजे पत्ता. आमच्या पोरानं तिथं मामाचं नाव लिहिलं, मामा विलास आहे म्हणून. सगळा हॉल हसला, पण फॉर्म बाद झाला असता. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, एवढ्या चाळीस-पन्नास शब्दांचा तक्ता केलाय. वर्ग मराठीतच चालतो. आणि मराठी शाळेचं दुखणं मलाही आहे. मराठी शाळेतला पोरगा कामाला लागला, पुढं गेला, हे चार घरांनी बघितलं तर पाचवं घर शाळा बदलताना थांबेल असं मला वाटतं. तुम्हाला नाही पटलं तरी रविवारी या.

---

सीमावासी | १६ जून, सकाळी ९.३०

पटलेलं नाही. पण येतो. माझ्याकडं एका गोष्टीची माहिती आहे: महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला सीमाभागाच्या जागा असतात, आणि १५ वर्षांचं वास्तव्य दाखवलं तर तिथल्या सरकारी नोकरीलाही अर्ज करता येतो. दाखले कसे काढायचे ते मी केलेलं आहे, मुलांना सांगीन.

---

आयटीआय_मास्तर | १६ जून, सकाळी ९.५०

ह्या धाग्यातनं एवढं झालं तरी पुष्कळ.

---

टूलरूमवाला | २१ सप्टेंबर, रात्री १०.०५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गणपतीत हॉल दिला होता, तेव्हा तीन रविवार आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसलो.

हिशोब सांगतो. जूनपासून अकरा जण आले, मुली पाच. चौघं आयटीआयला गेले, तिघे फिटर, एक मुलगी इलेक्ट्रिशियन. एक टूल रूम सेंटरला. तिघं कामावर, तिघंही अजून टिकून. एकानं डिलिव्हरीचं काम धरलंय, त्याला लायसन आणि विमा बघायला लावला, बाकी त्याचं त्याला कळतं. दोन सुटले. एकाचा फोन लागत नाही. दुसऱ्याला मी फिटर घे म्हणून मागं लागलो होतो, त्याला लग्नाचे व्हिडिओ काढायचे होते, चार वेळा बोललाही होता. मला ते काम वाटलंच नाही. आता तो एका स्टुडिओत लाइट धरतो आणि मला बघून रस्ता बदलतो. शिलाईवाल्या ताईंची महिनाभराची रीत मी आधी धरली असती तर हे टळलं असतं.

बुटांचं: हॉलच्या कपाटात सहा ते दहा नंबरचे आठ जोड ठेवलेत. दोस्तांच्या वर्कशॉपमधनं आलेले, थोडे वापरलेले. कंपनीचे मिळेपर्यंत घालायचे, मिळाले की आणून ठेवायचे. कोण घेऊन गेलं ते लिहीत नाही. आजवर एकच जोड परत आला नाही. तोही येईल.

ज्या पोरापासनं हे सुरू झालं, तो परत फाउंड्रीत गेला नाही. धुळीचा त्रास होता, बूट नुसतं निमित्त झालं होतं बहुतेक. नर्सबाईंनी तपासणीला नेला. सध्या वेल्डिंग शिकतोय.

पुण्यातला_बेळगावी, येत्या रविवारी खोटे फोन साडेदहाला सुरू करा, अकराला नको. आणि मागच्या वेळेसारखं फार गोड बोलू नका. पोरं तुम्हाला वळखायला लागलीत.

---

पुण्यातला_बेळगावी | २१ सप्टेंबर, रात्री १०.४०

ह्या वेळी बायकोला बोलायला लावतो. ती खरंच एचआरमध्ये आहे.